इंद्रजितचा डावा डोळा

कोरेगावजवळच्या त्या वाडीत घरटी एक माणूस फौजेत. इंद्रजितही भरतीला गेला होता. पळण्यात पुढं होता, छातीही भरली. मेडिकलला मात्र उजव्या डोळ्यावर हात ठेवायला सांगितलं, तेव्हा समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर सोडून त्याला काहीच वाचता येईना. आपला डावा डोळा अधू आहे हे त्याला एकोणिसाव्या वर्षी, उघड्या अंगानं रांगेत उभं असताना कळलं. परत येऊन तो ऊस आणि आलं करू लागला. त्या गोष्टीवर पुढं कधी बोलला नाही.

लग्नानंतर मुलगी झाली, राजनंदिनी. ती वर्षाची व्हायला आली तेव्हा हातातलं काही निरखून पाहताना तिचा उजवा डोळा नाकाकडं सरकायला लागला. आधी कधीमधी, मग रोजच. भाकरी थापत बसलेल्या आईला, बनाबाईला, त्यानं ते सांगितलं.

"हुतंय लहानपणी. तुजाबी डोळा आसाच जायाचा. मोठा झाल्यावर ऱ्हायला की आपसूक."

"कुठला डोळा, आई?"

"डावा," बनाबाई म्हणाली, आणि तिचा हात परातीतच थांबला.

दुसऱ्या दिवशी तो आणि बायको माया पोरीला घेऊन साताऱ्याला गेले. थेंब घातल्यावर डॉक्टरीणबाईंनी एकेक भिंग धरून उजेडात तिचे डोळे तपासले. दोन्हींना मोठा नंबर होता, उजव्याला जास्त. नीट दिसावं म्हणून पोर डोळ्यांवर जोर देते, त्यानं डोळा आत वळतो; आणि धूसर दिसणाऱ्या डोळ्यानं बघायचंच मेंदू हळूहळू सोडून देतो, असं त्यांनी सांगितलं. चष्मा दिवसभर, आणि रोज तासभर चांगल्या डोळ्यावर पट्टी.

"एवढ्याशा पोरीला?" माया म्हणाली.

"याच वयात उपयोग होतो."

निघताना इंद्रजितनं स्वतःचं विचारलं. "तुमचा आता फारसा सुधारायचा नाही," बाई म्हणाल्या. त्यानं मान हलवली आणि पोरीला खांद्यावर घेतलं.

मागं रबरी पट्टा असलेला चष्मा आला. राजनंदिनी तो ओढून काढायची, पट्टा चघळायची. शेजारची दगडाबाई म्हणाली, "पोरीच्या जातीला आत्तापासनंच चष्मा व्हय गं?"

"माज्या पोराचं झालं तेवढं बास," बनाबाई म्हणाली.

पट्टीचा तास इंद्रजितनं आपल्याकडं घेतला. पट्टी लावली की पोर रडून घर डोक्यावर घ्यायची. मग तो तिला गोठ्यात नेऊन रेडकू दाखवायचा. काही महिन्यांनी एकदा, पट्टी असतानाच, ती त्याच्या मांडीवरून वाकली आणि फरशीवरच्या मुंगीवर तिनं नेमकं बोट ठेवलं. इंद्रजितनं मायाला हाक मारली, पण ती येईपर्यंत मुंगी फटीत गेली होती.

चष्मा असला की आता डोळे सरळ असतात. काढला की उजवा अजून आत जातो. पट्टी चालूच आहे.