सुतारकाकांच्या खुर्च्या

आमच्या गावात चांगल्या म्हणाव्यात अशा खुर्च्या चारच होत्या, आणि त्या सुतारकाकांच्या होत्या. त्यांच्या लग्नाच्या वर्षी नदीवरचा जुना लाकडी पूल पाडला, तेव्हा त्याच्या फळ्या आणून काकांनी त्या केल्या. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. घासकाम आणि पॉलिश काकूंचं. चाळीस वर्षं काका कापायचे आणि काकू घासायच्या. लाकडाची बारीक धूळ मात्र सगळी काकूंच्या छातीत गेली.

त्या खुर्च्या काकांच्या घरात क्वचितच सापडायच्या. कुणाकडे डॉक्टर येणार, कुणाकडे हेडमास्तर येणार, की निघाले काका दोन्ही खांद्यांवर एकेक खुर्ची घेऊन. दोन खेपा करायच्या, तक्रार नाही. "पाहुणा उभा राहिला तर घराची मान खाली जाते," म्हणायचे. काकू आतून ओरडायच्या, "आणि आपल्याकडे कुणी आलं तर त्याला काय तुमच्या डोक्यावर बसवू?"

मी जिल्ह्याच्या फाउंडेशनमध्ये नोकरी करते. व्यापारी, डॉक्टर आणि परदेशात जाऊन पैसा केलेली मंडळी यांनी मिळून काढलेली ही संस्था. शाळांना पुस्तकं देते, मुलींना शिष्यवृत्त्या देते, आजाऱ्यांना घरी वापरायला यंत्रं देते. वाईट संस्था नाही. तिच्याच शिष्यवृत्तीवर मी शिकले, तिचं मीठ खाते. फक्त देण्याआधी ती घर बघते. सचिवबाई जातात, सोबत मी फॉर्म आणि कॅमेरा घेऊन. फॉर्मात एक रकाना आहे, 'घरातील सामान: चांगले, साधारण, नाही.'

आता आमच्या गावाची अक्कल बघा. उद्या पाहणी आहे म्हटलं की ते घर आज काय करणार? झाडून पुसून लख्ख करणार, शेजारून कप आणणार आणि काकांकडे खुर्च्या मागणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आम्ही नको तिथे पाळतो. आठ वर्षं मी आमच्या गावातल्या घरांचे फोटो काढले. घरं वेगळी, माणसं वेगळी, खुर्च्या त्याच चार. समितीच्या बैठकीत फोटो फिरायचे, कुणीतरी म्हणायचं, "या गावाचं बरं चाललेलं दिसतंय," आणि अर्ज बाजूला.

गावात तो फॉर्म बघितलेली मी एकटी. आणि मी मूग गिळून बसले.

का, तेही सांगते. माझ्या शिष्यवृत्तीची पाहणी आली तेव्हा आईनेही खुर्च्या मागितल्या होत्या. पण त्या आठवड्यात त्या दुसरीकडे गेल्या होत्या. तेव्हाच्या सचिवबाई उलट्या घातलेल्या पत्र्याच्या डब्यावर बसल्या. आईला महिनाभर कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना. शिष्यवृत्ती मला मिळाली. माझ्याहून हुशार मुली आमच्या वर्गात दोन होत्या; त्यांच्या पाहणीला खुर्च्या होत्या. खुर्च्यांचं बोलले असते तर डब्याचंही बोलावं लागलं असतं.

मग काकूंची छाती फार बिघडली. चार पावलं चालल्या की भिंत धरायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरात ऑक्सिजनचं मशीन हवं, नाहीतर फार दिवस नाहीत. फाउंडेशनकडे अशी सहा मशीनं होती, हवे तितके दिवस वापरायला. काकांनी अर्ज केला. तेव्हा कुठे मला कंठ फुटला.

"काका, पाहणीच्या दिवशी खुर्च्या घरात ठेवू नका. खुर्च्या दिसल्या की ते गरज नाही असं धरतात."

काका हसायलाच लागले. "म्हणजे मॅडमना जमिनीवर बसवू?"

"बसवा. नाहीतर उभ्या राहू देत. मशीन हवंय ना?"

ते काकूंच्या खोलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तसं." आदल्या संध्याकाळी त्यांनी खुर्च्या गल्लीत चार घरांत ठेवल्या. काकूंना यातलं काही सांगितलं नाही. तिथेच घात झाला.

सचिवबाई आल्या. खाली सतरंजी होती, पण त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून उभ्याच राहिल्या. काकू खाटेवरून बघत होत्या. त्यांचा जीव वरखाली होत होता, तो दम्याने नव्हे. शेवटी उशीवरून उठल्या आणि खिडकीतून ओरडल्या, "अगं, बाई उभ्या आहेत! कुणीतरी आपल्या खुर्च्या आणा गं!"

एवढं बोलून त्यांना जो खोकला आला, तो थांबेना.

गल्ली धावली. कोण नव्हतं त्यात? इतकी वर्षं ज्यांच्या ज्यांच्या दारी काकांनी खुर्च्या वाहिल्या, ती सगळी माणसं. चारही खुर्च्या आल्या. कुणी उशी आणली, कुणी चांगले कप, कुणी चहा. काकांचे उपकार फेडायची संधी एकदाची मिळाली होती. काका दारात उभे, चेहरा पांढरा.

सचिवबाई बसल्या. खुर्चीच्या हातावरून हात फिरवून म्हणाल्या, "सुंदर! कुणी केल्या?"

"मीच," काका म्हणाले. खोटं बोलायला त्यांना जमलं असतं तर बरं झालं असतं.

मी फोटो काढला. 'नाही'वर खूण करावी तर फोटोत चार खुर्च्या. मी 'चांगले'वर खूण केली. गाडीत तासभर बाईंच्या शेजारी बसले होते. एकदा म्हटलं, "बाई, त्या खुर्च्या..." त्या म्हणाल्या, "हो ना! हातात कला आहे, त्या माणसाला काय कमी?" मी खिडकीबाहेर बघितलं. मला माझी किळस येते, ती त्या तासाची.

समितीचा शेरा आला, 'गरज मध्यम. पुढील वर्षी विचार व्हावा.' त्या दिवशी सहापैकी दोन मशीनं आमच्या ऑफिसच्या माळ्यावर प्लॅस्टिक गुंडाळून पडलेली होती. काकू तिसऱ्या महिन्यात गेल्या.

महिन्याभराने काका टेम्पोतून चारही खुर्च्या घेऊन ऑफिसात आले. म्हणाले, संस्थेला भेट. सचिवबाई भारावल्या. खुर्च्यांच्या पाठीवर काकांच्या नावाच्या पितळी पट्ट्या लागल्या, अहवालात देणगीदारांच्या यादीत त्यांचं नाव छापलं. त्यानंतर आमच्या गावात दुसऱ्या एका घराच्या पाहणीला गेलो, तेव्हा तिथे बसायला काही नव्हतं. अर्ज एका बैठकीत मंजूर झाला. "वर्षभरात गावाची काय दशा झाली!" सचिवबाई हळहळल्या.

भेटीच्या कागदावर सही करायला काका पुन्हा एकदा आले होते. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"फॉर्मात खुर्च्या बघतात, हे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"आठ वर्षं," मी म्हटलं.

मी उठून त्यांचीच एक खुर्ची पुढे ओढली. ते बसले नाहीत. उभ्यानेच सही केली, पेन माझ्यापुढे ठेवलं आणि जिना उतरून गेले.