सांडव्यावरची जाळी

ते फुटलेलं तळं डोळ्यांसमोर आलं की आजही मन उदास होतं. नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले, शाबासकीही मिळाली. हा तपास मात्र निवृत्तीनंतरचा, अंगावर वर्दी नसतानाचा, आणि तोही आयर्लंडमधला. नववीत शाळा सोडलेला माणूस शिपाई म्हणून भरती होतो, सहायक फौजदार होऊन निवृत्त होतो आणि म्हातारपणी लेकीकडे इथे ओंगारला येऊन राहतो, याबद्दल देवाचे आणि या देशाचे आभारच मानायला हवेत. पण धाकधूकही तेवढीच असते. आपल्यामुळे इथल्या कुणाला त्रास व्हायला नको, हेच सतत मनात.

जावई वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात आहे. तिथून निवृत्त झालेले एक आयरिश सुपरवायझर डंडॉकच्या बाजूला शेतावर राहतात. तरुणपणी त्यांनी ओढ्यावर मातीचा बांध घालून एक छोटं तळं केलं होतं. होडी, मासे, पोहणं, सगळा हौसेचा मामला. पाणी वाढलं की ते कडेच्या सांडव्यातून, म्हणजे एका रुंद पाइपातून, खाली ओढ्यात जायचं. मी पोलिसात होतो हे कळल्यापासून ते मला सार्जंट म्हणायचे. फाटकातूनच ओरडायचे, "या सार्जंट, आज कुठल्या माशाला अटक करायची?" गणपतीत त्यांनीच आम्हा मराठी घरांना विसर्जनासाठी तळं देऊ केलं. शाडूच्या छोट्या मूर्ती होत्या. तेही आमच्याबरोबर टाळ्या वाजवत उभे होते.

काही आठवड्यांनी पावसाने मुक्काम ठोकला. एका सकाळी त्यांचा जावयाला फोन आला. बांध फुटला होता. खालच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात पाणी शिरून वासरं बुडाली होती.

"सांडवा कुणीतरी बुजवलाय," ते म्हणाले. "खालच्या त्या गड्याचंच काम. गार्डांना कळवण्याआधी सार्जंटला आणून दाखव."

गार्डा म्हणजे इथले पोलीस. तळ्याचं पाणी आपल्या अंगणात झिरपतं म्हणून त्या शेतकऱ्याचं तळ्याच्या मालकांशी अनेक वर्षांचं वाजलेलं. म्हणजे हेतू तयार, संशयित तयार. इतकं तयार प्रकरण समोर आलं की मी नेहमी सावध व्हायचो.

माझं इंग्रजी तोडकंमोडकं. लेकीला दुभाषी म्हणून घेतलं आणि आधी खाली त्या शेतकऱ्याकडे गेलो. वासरांना दूध पाजायची बादली तो धूत होता.

"त्याचे पाहुणे ना तुम्ही? मग त्याला सांगा, मी अंगणासाठी भांडलो. पण अंगणासाठी स्वतःची वासरं बुडवीन का?"

एवढं बोलून तो पुन्हा बादली घासायला लागला. पाजायला वासरं उरली नव्हती, तरी घासत होता. खोटं बोलणारा माणूस आपले हात सांभाळतो. याला हातांचं भानच नव्हतं. वर येताना मी लेकीला म्हटलं, "हा नव्हे."

सांडव्याचं तोंड चिखलात गाडलं गेलं होतं. फावडं मागून घेतलं आणि उकरायला लागलो. पानांचा, काड्यांचा लगदा निघाला आणि त्याखाली लाल जाळी. कांद्याच्या पिशव्यांची, सुतळीने एकमेकींना शिवून पाइपाच्या तोंडावर ताणून बांधलेली. त्यात झेंडूच्या हाराचा दोरा अडकला होता. लेकीच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, तसल्याच जाळ्या घडी करून ठेवलेल्या मी रोज बघत होतो.

ज्याला काही माहीत असतं तो घटनास्थळी एकतर फार पुढे पुढे करतो, नाहीतर फार लांब उभा राहतो. जावई गाडीपाशीच थांबला होता. मी काही विचारलं नाही. नुसती जाळी त्याच्यासमोर धरली.

"बाबा, मीच बांधली," तो म्हणाला. "निर्माल्य खाली वाहून गेलं असतं तर लोक म्हणाले असते, आले आणि घाण करून गेले."

"मग काढली का नाहीस?"

"शिफ्ट होती. आपल्या गणपतीच्या ग्रुपवर टाकलं होतं, जाळी काढायची राहिलीय, कुणीतरी जाऊन या. सगळ्यांनी अंगठे दिले. मला वाटलं, काढली."

त्याने फोन दाखवला. मेसेजखाली अंगठ्यांची रांग होती. जाळी काढायला हवी, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, नाही सांगितलं तर? ह्याच्या नागरिकत्वाचं चाललंय. इतकी वर्षं नाव जपलंय आपण."

"आणि खालच्याचं नाव?"

जावईच म्हणाला, "चला बाबा. मी सांगतो."

मालकांनी सगळं ऐकलं आणि ते पालथ्या होडीवर बसले. "मला दिसायला हवी होती ती. पूर्वी रोज सकाळी दाताळं घेऊन बांधावरून चक्कर मारायचो, सांडवा साफ करायचो. कंबर धरल्यापासून सोडलं. बांधावर झुडपं वाढली, तीही खिडकीतून बघत बसलो." मग सवयीने म्हणाले, "ग्रँड, ग्रँड." 'ठीक आहे' अशा अर्थाच्या या शब्दात इथली माणसं सगळं माफ करतात. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज त्याला साथ देत नव्हता.

त्यानंतर ते एकटेच काठी टेकत खाली माफी मागायला गेले. आम्ही वरून बघत होतो. शेतकरी दारात आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. मालक तिथेच उभे राहिले.

गार्डांपुढे जावयाने स्वतःहून जबाब दिला. वासरांची भरपाई आम्ही सगळ्या घरांनी मिळून दिली. शेतकऱ्याने ती घेतली, पण आमच्याशी बोलला नाही. बांध पुन्हा घालायचा तर इंजिनियरची तपासणी, नवा सांडवा, झुडपांची मुळं काढणं, सगळं आलं. मालक म्हणाले, आता उमेद नाही. तळ्याच्या जागी गाळ आहे आणि मधून ओढा जातो.

नोकरीत आरोपी सापडला की शांत झोप लागायची. इथे सापडला तो घाण होऊ नये म्हणून धडपडणारा माझाच माणूस. मी एवढंच शिकलो की हौसेचा, ओंजळभर मातीचा बांध असला तरी त्याच्यावरून कुणीतरी रोज चालायला हवं, आणि ते कोणी, हे नावानिशी ठरलेलं हवं. हे शहाणपण त्या तळ्याच्या काही कामाचं नाही.

यंदा विसर्जन घरामागे टबात केलं. जावयाने फोन घरात ठेवला, पाण्यातली फुलं एकेक करून हाताने वेचली आणि पाणी अंगणात सोडलं. मग मोरीच्या जाळीपाशी गुडघे टेकून अडकलेली पानं काढली. पाणी सरळ वाहून गेलं. तरीही तो बराच वेळ तिथेच बघत बसला होता.