बाहेरून बी.ए.

लग्नानंतर मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. आमच्या वरकुट्यात त्याला ‘बाहेरून शिकणं’ म्हणतात. दर रविवारी धारा काढून, भाकऱ्या थापून मी इंदापूरला तासाला जायचे. निकाल लागला तेव्हा सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. "बाहेरनं का हुईना, सून ग्रॅज्युएट झाली!"

मग बारामतीच्या एका शाळेत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. माझा पहिला वर्ग होता, पण त्याकडं कोण बघतंय? साहेबांनी एवढंच विचारलं, "कॉलेज करून, का बाहेरून?"

"बाहेरून."

"बरं. जरा बाहेर बसा, बोलावतो."

भिंतीवरचं ऊन उतरलं तरी मी बाकावर बसून होते. शेवटी शिपाईमामा कुलूप घेऊन आले.

"ताई, तुमी अजून हितंच? सायेब मागच्या दारानं कवाच गेलं."