पाण्यात उतरणारा रस्ता

बदलीच्या गावी सामान घेऊन जाताना मी ट्रकमध्ये ड्रायव्हर शौकतभाईंशेजारी बसले होते. मोबाईल जवळचा रस्ता दाखवत होता. उताराचं वळण संपलं आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला. समोरचा डांबरी रस्ता थेट धरणाच्या पाण्यात उतरत होता. भरलेला ट्रक घसरत काठावर थांबला.

"पुढे सरळ जा," मोबाईलमधली बाई म्हणाली. पाण्यापेक्षा मला तिच्या त्या निवांत आवाजाचीच भीती वाटली. किती बिनघोर निघालो होतो आपण तिच्या भरवशावर!

शौकतभाईंनी जुना कागदी नकाशा उघडला. त्यात धरणच नव्हतं. तोच रस्ता पुढे एका गावात जात होता.

"ताई, आता विचारायचं कुणाला?"

आसपास माणूस नव्हता. शौकतभाईंनी रिव्हर्स गिअर टाकला आणि मी उतरून ट्रकच्या मागे गेले. "येऊ द्या, येऊ द्या," मी ओरडत होते आणि माझा आवाज कापत होता.