तिसरी विक्री

आमच्या ह्यांनी तीस वर्षं मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त केल्या. मग उजवा हात थरथरायला लागला. सोल्डरिंग करताना तार एकीकडे आणि हात भलतीकडे. आता हे असंच राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दुकान बंद करून अवजारांची पेटी पलंगाखाली सरकवली. त्यानंतर हे दिवसभर खिडकीपाशी बसून असत आणि मी त्यांच्या पायांभोवतीनं केर काढत असे. घर अगदी खायला उठायचं.

तोडगा लेकीनं काढला, फोनवरूनच. "बाबा, तुम्हाला वस्तूंमधलं कळतं ना? मग त्यावर लिहा. खाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. तिच्यावरून कुणी वस्तू घेतली की तुम्हाला कमिशन. याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात." पान, खातं, सगळं तिनंच उघडून दिलं. दुकानाची अट होती, सहा महिन्यांत तीन विक्री. नाही झाल्या तर खातं बंद.

हे कामाला लागले. बोट नेमकं शेजारच्या अक्षरावर पडायचं, म्हणून लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एकेक अक्षर दाबायचे. एका लेखाला चार दिवस. मी चहा ठेवायचे, तो गार व्हायचा, मी पुन्हा गरम करायचे.

"घेतलं का कुणी?"

"वाचतायत," हे म्हणायचे.

वाचत होते खरे. पण विकायला बसलेला हा माणूस आधी जुनी वस्तू घरच्या घरी कशी नीट करायची तेच सांगायचा! लोक कळवायचे, 'काका, इस्त्री चालू झाली, नवी घ्यावी लागली नाही.' हे मला मोठ्या खुशीत वाचून दाखवायचे आणि मी कपाळाला हात लावायचे. सहा महिने संपत आले तरी दोनच विक्री झाल्या होत्या. एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि एक स्क्रू ड्रायव्हरचा संच, म्हणजे तोही दुरुस्तीसाठीच.

आठ दिवस उरले तेव्हा ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. घास हातात घेऊन स्क्रीनकडे बघत बसायचे. खातं गेलं की हा माणूस पुन्हा त्या खिडकीपाशी जाणार, एवढंच मला दिसत होतं आणि त्याची मला भीती वाटत होती. एका दुपारी हे आंघोळीला गेले असताना मी माझ्या फोनवर त्यांच्या पानावरची एक लिंक दाबली आणि मिक्सर मागवला. पत्ता धाकट्या बहिणीचा दिला. स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी.

"तिसरी!" दुसऱ्या दिवशी हे ओरडले. दाढी केली. पलंगाखालची पेटी ओढून पुसून ठेवली.

चौथ्या दिवशी दुकानाचं पत्र आलं. घरच्याच माणसानं लिंकवरून खरेदी केल्यामुळे खातं कायमचं बंद. पत्ता बहिणीचा होता, पण पैसे आमच्या दोघांच्या नावावरच्या बँकेच्या खात्यातून गेले होते. असा काही नियम असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ह्यांनी पत्र तीनदा वाचलं. मग उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. "यानंच कुठेतरी भलतं बटण दाबलं असणार."

ते मला ऐकवेना. "अहो, हाताला कशाला बोल लावता? मी घेतला मिक्सर."

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुठला?"

"लाल बटणाचा. दिसायला बरा वाटला."

"अगं, तो घेऊ नका म्हणून लिहिलंय मी! भांडं ज्याच्यावर बसतं तो कपलर सहा महिन्यांत तुटतो त्याचा. लोकांना ओळखता यावा म्हणून लिंक दिली होती." मग आवाज खाली आला. "तू वाचलं नाहीस?"

सहा महिने चहा गरम केला, विक्रीची चौकशी केली, पण त्यांनी लिहिलेली एक ओळ मी आपणहून उघडून वाचली नव्हती. मला स्वतःचीच लाज वाटली.

"ते पान अजून उघडतं का?" मी विचारलं.

"पान उघडतं. खातं तेवढं गेलं."

मी चष्मा आणला आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. ह्यांनी पेन्सिलीनं पहिला लेख उघडला, लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच."