टेबलापुढे अडलेलं नाव

माझ्या नवऱ्याला आयुष्यात एकदाच निवडणुकीला उभं राहायची हुक्की आली. महाराजांच्या कारकिर्दीची ती अगदी शेवटची वर्षं. सुधराईची, म्हणजे बडोद्याच्या नगरपालिकेची, निवडणूक लागली होती. ह्यांचं वाडी मोहल्ल्यात खोगिरांचं दुकान. आजे-पणजे पागेत घोड्यावर बसले आणि ह्यांच्या वाट्याला खोगिरं शिवणं आलं. त्यातही सरदारांकडे मोटारी आल्यापासून निम्मा दिवस माशा मारायच्या. अशा माणसानं उभं राहावं कुणाविरुद्ध? तर कापडवाल्या शेठजींविरुद्ध!

मी म्हटलं, "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आपल्या गल्लीत नळ नाही, गटार उघडं," हे म्हणाले. "शेठजींना कुठून वास येणार? ते राहतात लांब."

झालं. महिनाभर हे दारोदार हिंडले आणि मी त्यांच्यामागून बायकांकडे. जिथे जावं तिथे एकच उत्तर, "तमे फिकर ना करो, वोट तमारो ज." दुपारी शेठजींचा माणूस गाठिया-जिलेबीची टोपली घेऊन फिरायचा, तेव्हा हेच लोक भरल्या तोंडानं त्यालाही हेच सांगायचे. मला राग यायचा. हे हसायचे. म्हणायचे, "अगं, तोंडावर नाही म्हणायची लाज वाटते माणसाला."

त्या निवडणुकीत मलाही मत होतं. घर माझ्या वडिलांचं, त्यांना मुलगा नाही, म्हणून घरपट्टी माझ्या नावावर आणि मतही माझं. ज्यांना लिहिता येई त्यांनी चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची, आणि माझ्यासारख्या अंगठेबहाद्दरांनी टेबलापुढे उभं राहून साहेबांना उमेदवाराचं नाव तोंडानं सांगायचं. बाकी सगळ्या बायकांना ते सोपं होतं. मला नव्हतं. मी ह्यांचं नाव कधी घेतलंच नव्हतं.

लग्नात मी नऊ वर्षांची. उखाण्याची वेळ आली तेव्हा मी पाटावरच झोपून गेले होते म्हणे. पुढे माझ्या थोरल्या बहिणीनं एका भांडणात नवऱ्याचं नाव घेतलं, आणि त्याच साली प्लेगमध्ये तो गेला. आई म्हणाली, नाव घेतलं की आयुष्य तुटतं. ते माझ्या मनात जे बसलं ते बसलं. मंगळागौर असो की डोहाळजेवण, उखाण्याची वेळ आली की मी काहीतरी निमित्त काढून आत सटकायची.

ह्यांना ते ठाऊक होतं. म्हणून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात माझी तालीम. हे पाट उभा करून त्याचं टेबल करायचे आणि साहेबी आवाजात विचारायचे, "बाई, मत कुणाला?"

"ह्यांना."

"ह्यांना म्हणजे कुणाला?"

"इश्श! तुम्हाला!"

पोट धरून हसायचे. मग त्यांनीच गावातल्या मांडवी दरवाजावरून एक उखाणा जुळवून दिला. 'मांडवीला दरवाजे चार, चारी दिशांचा वारा,' आणि पुढच्या ओळीत नाव. उखाण्यात घेतलं की दोष लागत नाही, असं मला पटवलं. आदल्या दिवशी मात्र हसता हसता एकदम गंभीर झाले. म्हणाले, "सारी वाडी मला हरवू दे गं. पण तुझ्या तोंडून माझं नाव एकदा ऐकायचंय. एवढ्यासाठी तरी उभा राहिलो असं समज." मी म्हटलं, "घेईन. देवाशप्पथ घेईन."

मतदान शाळेत होतं. मी नवं लुगडं नेसून गेले. टेबलाच्या एका अंगाला शेठजी, दुसऱ्या अंगाला हे, आणि ह्यांच्या मागच्या बाकावर माझे थोरले दीर, ज्यांच्यापुढे मी उभ्या जन्मात डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. साहेबांनी माझं नाव वाचलं. विचारलं, "मत कुणाला?"

मांडवीला दरवाजे चार एवढं आठवलं आणि पुढे सगळं कोरं. थोरल्या दिरांपुढे उखाणा घ्यायचा? मी पदर आणखी पुढे ओढला. साहेब म्हणाले, "बाई, नाव बोला." मी ह्यांच्याकडे बोट केलं. "बोट चालत नाही. नाव." रांगेतून कुणीतरी ओरडलं, "जल्दी करो, मासी!" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसते ओठ हलवले, उखाणा सांगत होते. आणि माझ्या डोळ्यांपुढे बहीण आली, पांढऱ्या कपाळाची.

"दोघांतलं कुठलंही एक नाव बोला आणि मोकळ्या व्हा," साहेब वैतागून म्हणाले.

आणि मी शेठजींचं नाव घेतलं. दोनांतलं तेवढंच एक माझ्या तोंडाला येत होतं.

सगळी शाळा हसली. साहेबांनी लिहून घेतलं. मी म्हटलं, "तसं नाही हो, तसं नाही," पण पुढचा माणूस टेबलाशी आला होता. हेही हसले. चारचौघांत हसावं लागतं तसं हसले.

माझ्या एका मतानं काही हरले नाहीत हे, चांगले सपाटून हरले. गाठिया खाल्लेल्यांनी गाठियाला जागून मतं दिली. पण गावाला माझीच गोष्ट मिळाली. दुकानासमोरून जाणारा-येणारा विचारायचा, "काय राव, घरचंच मत फुटलं?" हे मान खाली घालून टाके घालत राहायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. फक्त तो पाट पुन्हा कधी उभा केला नाही, आणि "ह्यांना म्हणजे कुणाला" असं मला पुन्हा कधी चिडवलं नाही.

मी हट्टानं अक्षरं शिकले. म्हटलं, पुढच्या खेपेला चिठ्ठी लिहीन. ह्यांनीच शिकवली, पाटीवर हात धरून. पण पुढच्या खेपेला हे उभेच राहिले नाहीत. नळ आला तो शेठजींच्या नावानं आला.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी हे गेले. साधा ताप, आठ दिवस. एवढं नाव राखून मी काय राखलं, डोंबल! आयुष्य तुटायचं ते तुटलंच.

तिसऱ्या दिवशी पुतण्याबरोबर मी सुधराईत मृत्यूची नोंद करायला गेले. टेबलापलीकडे कारकून होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "मयताचं नाव?"

पुतण्या तोंड उघडणार, तेवढ्यात मी सांगितलं. ह्यांचं नाव, ह्यांच्या वडिलांचं, आडनाव, सगळं. एकदाही अडखळले नाही. सगळी कचेरी वळून पाहायला लागली.

कारकून म्हणाला, "धीमे बोला, मा. मला ऐकू येतं."