ऑनिक्सच्या ओट्यावर आंबील

स्वयंपाकघराच्या ओट्याला ऑनिक्स लावणारी बाई अख्ख्या अमरावतीत मी एकटीच असेन. यात कौतुकाचं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. या ओट्यापायी आमच्याकडे कायमच्या येऊ घातलेल्या महालक्ष्म्या अकोल्याला परत जातात की काय असं झालं होतं, आणि तसं झालं असतं तर दोष द्यायला माझ्याशिवाय दुसरं कुणी सापडलं नसतं.

हा दगड मी पहिल्यांदा पाहिला तो चिखलदऱ्याला, एका रिसॉर्टच्या काउंटरला लावलेला. बाहेर धुकं होतं, आत मधाच्या रंगाचा दगड, त्यात तपकिरी लाटा आणि खालून सोडलेला दिवा. दगडातून उजेड आरपार येत होता. खोलीची किल्ली घ्यायची सोडून मी त्यावर हात फिरवत उभी राहिले. आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं काम तेव्हा चालू होतं. मी तिथल्या तिथे यजमानांना सांगितलं, आपला ओटा असाच करायचा.

"हा काउंटर हाय," ते म्हणाले. "याच्यावर कोनी वांगे चिरत नाई."

मला कुणी नको म्हटलं की तीच गोष्ट हवी असं होतं. लहानपणापासूनची खोड आहे आणि वयानुसार ती वाढतच चालली आहे. दगड घ्यायला आम्ही अकोल्याच्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार पांढऱ्या दाढीचे, गोड बोलणारे चाचा होते. ओट्यासाठी हवा म्हटल्यावर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"मॅडम, ये दीवार का पत्थर है. देवघराच्या मांगं लावा, टीव्हीच्या मांगं लावा, लाइट सोडा, बहोत खूबसूरत दिसते. ओट्याले ग्रॅनाइट न्या. याच्यावर काई आंबट पडलं का चमक गेली समजा."

मी त्यांना ऐकवलं की मी केमिस्ट्री शिकवते.

"मंग तं तुमाले मालूमच असन," ते म्हणाले आणि माल दाखवायला उठले.

आता हे लिहिताना कान गरम होतात. खरंच मी केमिस्ट्री शिकवते. आमच्या गल्लीत क्लासेसच्या पाट्या घरांपेक्षा जास्त आहेत, त्यातली एक माझी. चुनखडीच्या जातीच्या दगडावर आम्ल पडलं की बुडबुडे येतात आणि दगड विरघळतो, हे मी दरवर्षी फळ्यावर समीकरण मांडून शिकवते, परीक्षेला हमखास येणार म्हणून खाली दोन रेघा मारते. ऑनिक्स त्याच जातीचा, हेही मला ठाऊक होतं. पण फळ्यावरचा दगड वेगळा आणि आपल्याला आवडलेला दगड वेगळा, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

निवडताना मात्र मी चोखंदळपणाची कमाल केली. एकेका लादीवर बाटलीतलं पाणी ओतून ओला रंग बघितला. मागून मोबाइलचा टॉर्च लावून उजेड कुठे अडतो ते पाहिलं. बोटानं वाजवून बारीक तडा शोधला, तडा लपवायला भरलेली पुट्टी नखानं खरवडून पाहिली, लादीच्या पाठीला आधाराची जाळी नीट चिकटवली आहे ना याची खात्री केली. सगळं तपासलं. या लादीवर रोज दोन वेळचा स्वयंपाक होणार आहे, एवढी एकच गोष्ट विचारात घ्यायची राहिली.

ओटा बसला. खालून दिव्यांची पट्टी लावली. पहिल्या दिवशी पोळ्या लाटताना कणकेतून उजेड दिसायला लागला तेव्हा यजमान म्हणाले, "पोयीचा एक्सरे निघून राहिला." मी दुर्लक्ष केलं. त्याच आठवड्यात टोमॅटोच्या रसाचा एक थेंब राहून गेला आणि चकचकीत दगडावर अंधूक ठिपका उमटला. डाग असता तर पुसून निघाला असता. तिथली चमकच खाल्ली गेली होती.

मग मी नियम केले. मी शिक्षिका, दुसरं काय करणार? दर महिन्याला दगडाला सीलर पाजायचं. पाण्याचा थेंब टाकून तो उभा राहतो की पसरतो ते बघायचं. पुसायला फक्त साधं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. ओट्यावर तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासायची नाहीत, ती मागच्या अंगणात. दही, ताक, टोमॅटो, लिंबू, सगळ्यांनी ताटात बसायचं, ताटाखाली कापड, कापडाखाली रबरी मॅट. सीलरनं तेल-हळदीचे डाग थांबतात, आम्ल थांबत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी ते भक्तिभावानं चोळत राहिले. वरणावर लिंबू पिळायचं तर यजमान ताट घेऊन बैठकीत जात. पोळ्या करायला येणारी बाई महिनाभरात म्हणाली, "तुमच्या गोट्याची डूटी मले जमत नाई," आणि गेली.

अशात जाऊबाईंचा अकोल्याहून फोन आला. आमच्या घरच्या महालक्ष्म्या थोरल्या घरी, म्हणजे त्यांच्याकडे बसतात. सासूबाईंनंतर सगळं त्यांनीच केलं. पुरण, सोळा भाज्या, कढी, वडे आणि ज्यावाचून आमच्याकडे नैवेद्य होतच नाही ती ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील.

"मले आता गुडघ्यानं उभं राहनं होत नाई," त्या म्हणाल्या. "यंदा तुह्याकडे बसवून पाहू. जमलं तं मुखवटे तिथंच राहू देऊ."

मला त्या महालक्ष्म्या हव्या होत्या. इतकी वर्षं मी अकोल्याच्या त्या स्वयंपाकघरात नोकरीवाली धाकटी म्हणून खोबरं किसत बसले. गॅसजवळ मला कधी कुणी उभं केलं नाही, आणि उभं करावं असं मी कधी वागलेही नाही. मुखवटे माझ्या घरी राहिले असते तर या घरची सून म्हणून मी पास झाले असते. हो म्हणून फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो आंबिलीचा. ताकात शिजलेली, हंडाभर, माझ्या ओट्यावर.

जाऊबाई आल्या तोवर मी ओट्यावर जाड प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्रं, त्यावर जुनी सतरंजी घातली होती. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"काहून वं, ओट्याले थंडी वाजून राहिली काय?"

मी एक कोपरा उचलून दगड दाखवला, दिवाही लावला. त्यांनी मनापासून पाहिलं. "साजरा हाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "याच्यावर आंबील होईन?"

"होईल की," मी म्हटलं. परीक्षेला न वाचता गेलेली मुलं इतक्याच जोरात उत्तर देतात.

जेवणाच्या दिवशी सकाळपासून जाऊबाई खुर्चीवरून सांगत होत्या आणि मी करत होते. पुरण जमलं. भाज्या झाल्या. आंबीलही छान रटरटायला लागली होती, आणि त्या म्हणाल्या, "आता ढवयनं सोडू नको." मी ढवळत होते. तेवढ्यात आंबील फसकन वर आली आणि उतू जाऊन सतरंजीवर पसरली.

ढवळणं सोडायचं नाही, गॅस कमी करायचा, हे कुठल्याही बाईला कळलं असतं. मी हातातला डाव टाकून दिला आणि सतरंजीवर झडप घातली. सतरंजी, वर्तमानपत्रं, प्लास्टिक भराभर उचलून बाजूला फेकलं आणि फडक्यानं दगड पुसायला लागले. पुसून झाल्यावर वाकून, दिवा लावून, कुठे अंधूक झालं का तेही पाहिलं. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे मान वर केली. जाऊबाई गुडघ्यावर हात देत उठल्या होत्या, एका हातानं भिंत धरून गॅस बंद करत होत्या.

वरवरची चांगली आंबील काढून नैवेद्य झाला. त्यांनी खुर्चीवरूनच पानं मांडायला सांगितली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. पाहुणे जेवले, गौरींची ओटी भरली, सगळे छान छान म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मुखवटे उतरवले, मऊ धोतरात गुंडाळून पेटीत ठेवले. यजमान जाऊबाईंना अकोल्याला सोडायला गाडी पुसत होते. त्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"पेटी राहू दे इथंच," त्या म्हणाल्या. "पुढच्या सालीबी इथंच बसवू. सैपाक मी तिकून करून आनत जाईन. आंबील तं आनीनच. तू जिवाले घोर नको लावू."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला नाही. त्यांनी माझी धडपड पाहिली होती आणि त्यांना माझी दया आली होती. ज्या बाईला उभं राहवत नाही म्हणून हे सगळं माझ्याकडे आलं, ती बाई माझ्या दगडाला त्रास नको म्हणून अकोल्यात रांधून डबे भरून आणायला निघाली होती. मला फार लाज वाटली.

मी कालची उरलेली आंबील वाढायला घेतली. थंड आंबील जाऊबाईंना फार आवडते. वाटी त्यांच्यासमोर उघड्या ओट्यावर ठेवली आणि शेजारी बसले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि सवयीनं चमचा दगडावर टेकवला. लगेच दचकून उचलला. पदरानं पुसायला लागल्या, पदर पुरेना तेव्हा फडकं शोधायला खुर्चीचे हात धरून उठायला गेल्या.

"चुकलं वं. ध्यान नाई राहिलं माह्यं."

माझ्या घरात, माझ्या थोरल्या जावेनं, एका दगडाची माफी मागितली. माझे डोळे भरून आले. ते मी लपवलं नाही.

"बसा बाई," मी म्हटलं.

"अवं, डाग पडन नं."

"पडू द्या."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. माझा उजवा हात सवयीनं फडक्याकडे निघाला होता, तो मी डाव्या हातानं धरून मांडीवर दाबून ठेवला. ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्या हळूहळू पुन्हा टेकल्या. चमच्याची ओली खूण दगडावर तशीच होती. आम्ही दोघी तिच्याकडे बघत, डाग पडायची वाट पाहत बसलो. बाहेरून यजमानांनी गाडी तयार असल्याचं सांगितलं.

जाऊबाईंनी वाटी पुन्हा जवळ ओढली, या वेळी चमचा मुद्दाम उघड्या दगडावर ठेवला आणि म्हणाल्या, "मंग आइक. पुढच्या साली ताक तूच आधीपासून झाकून ठेवजो, गोडं ताक काई कामाचं नाई. आंबिलीले जितकं आंबट, तितकं चांगलं."